परदेशप्रवास आणि ॲलर्जी: नवे नियम कुठवर पुरतात, कुठे अपुरे पडतात?

2025 मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ‘दुबई चॉकलेट’बद्दल इशारा दिला. पिस्त्याची पेस्ट आणि कुनाफ्याच्या कुरकुरीत शेवया भरलेले हे चॉकलेट थोड्याच काळात जगभर पोहोचले होते. आपल्याकडेही दुबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत ते हमखास दिसू लागले. संस्थेचा सल्ला असा होता की, अन्नाची ॲलर्जी असलेल्यांनी या पद्धतीची चॉकलेट्स खाऊच नयेत, कारण आयात झालेल्या काही मालाच्या वेष्टनावर ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची नोंद भरवशाची नव्हती. या चॉकलेटच्या सारणात बहुधा ताहिनी, म्हणजे तिळाची पेस्ट असते. नावात मात्र फक्त पिस्ता दिसतो.

तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कोणाला तीळ, शेंगदाणे, काजू, दूध, अंडे किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल आणि परदेशी जायचे असेल, तर ही बातमी तुमच्यासाठी आहे. तीव्र सुगंधाने दम लागत असेल किंवा अंगावर पुरळ येत असेल, तर त्यासंबंधीचे नियमही सध्या बदलत आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वीस किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर प्रमुख ॲलर्जीकारक घटक लिहावेत, असा कायदा 2025 मध्ये झाला आणि त्याची तारीख 1 जुलै 2026 ठरली. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांतील सुगंधी घटकांची सविस्तर नावे छापण्याचा नियम नव्या उत्पादनांना 31 जुलै 2026 पासून लागू होतो.

या बदलांमुळे प्रवास थोडा सोपा होईल. पण लेबलवर त्या त्या देशाच्या कायद्याने ठरवलेली यादी असते, तुमची ॲलर्जी त्या यादीत असेलच असे नाही. या दोन्हींत जी फट राहते, तिथेच बहुतेक अपघात होतात. ती फट कुठे आहे आणि ती घरून निघण्यापूर्वी कशी बुजवायची, ते पाहू.

आधी निदान पक्के करा

परदेशी जाण्याआधी सल्ला घ्यायला येणाऱ्या अनेकांकडे रक्ततपासणीचा एक लांबलचक अहवाल असतो. त्यात गव्हापासून वांग्यापर्यंत पंधरा-वीस पदार्थांपुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असते. हा अहवाल म्हणजे पंधरा-वीस पदार्थांची ॲलर्जी नव्हे. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे सापडणे आणि तो पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकात झालेल्या अभ्यासांतही हेच दिसले: प्रतिपिंडे पुष्कळ लोकांत आढळली, खरी अन्न-ॲलर्जी मात्र फार थोड्यांना होती. आयजीजी नावाच्या चाचण्या तर अन्न-ॲलर्जीच्या निदानासाठी उपयोगाच्याच नाहीत.

याचा प्रवासाशी थेट संबंध आहे. वीस पदार्थांची यादी वेटरच्या हातात दिली, तर स्वयंपाकघरात ती कोणी गांभीर्याने घेत नाही. एक किंवा दोन नेमक्या पदार्थांची नावे सांगितली, तर घेतात. म्हणून तुमचा त्रास खालीलपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.

पहिला प्रकार खऱ्या अन्न-ॲलर्जीचा. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, घसा आवळतो, दम लागतो किंवा रक्तदाब कोसळतो. त्यातील तीव्र प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. यात जिवाला धोका असतो.

दुसरा प्रकार न पचण्याचा. दूध प्यायल्यावर पोट फुगणे किंवा जुलाब होणे, हे बहुधा लॅक्टोज न पचल्याने होते. त्रास खरा असतो, पण त्याने श्वास बंद पडत नाही.

तिसरा प्रकार सुगंधी द्रव्याच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीचा. अत्तर, क्रीम किंवा साबण लागल्यानंतर एक-दोन दिवसांनी खाज, लाली, पाणीदार पुरळ येते. याचे निदान पाठीवर पट्ट्या लावून करायच्या पॅच टेस्टने होते, रक्ततपासणीने नाही.

चौथा प्रकार वासाने होणाऱ्या त्रासाचा. उग्र सुगंध नाकात गेला की दमेकऱ्याला खोकला, धाप लागते, काहींना शिंकांची माळ लागते, मायग्रेनच्या रुग्णाचे डोके दुखू लागते. ही बहुतेक वेळा श्वासमार्गाची किंवा मेंदूची अतिसंवेदनशीलता असते.

चौघांचे औषध वेगळे आहे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनलिन लागते. वासाने लागलेल्या दम्यावर सालब्युटामॉलचा पंप. त्वचेच्या पुरळावर मलम. घाबरलेल्या प्रवासात यांची गल्लत झाली, तर ज्या क्षणी ॲड्रेनलिन द्यायला हवे, त्या क्षणी घरचे लोक सेटिरिझिनची गोळी शोधत बसतात.

देश बदलला की यादी बदलते

भारतात वेष्टनबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट यांची वेगळी नोंद करावी लागते. या यादीत तीळ नाही आणि मोहरीही नाही. ज्या स्वयंपाकाची सुरुवात मोहरीच्या फोडणीने होते आणि संक्रांत तिळाशिवाय होत नाही, तिथली ही स्थिती आहे.

युरोपीय संघात 14 घटकांची यादी आहे आणि डिसेंबर 2014 पासून ती उपाहारगृहांनाही लागू आहे. त्यात तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. शिवाय सेलरी ही भाजी आणि ल्युपिन नावाचे कडधान्यही आहे. वेष्टनावरच्या घटकांमध्ये ही नावे ठळक अक्षरांत किंवा वेगळ्या रंगात छापावी लागतात. त्यामुळे भाषा कळली नाही, तरी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करताना ठळक शब्दांकडे आधी पाहा. ब्रिटनमध्येही हीच 14 ची यादी आहे.

अमेरिकेत 9 घटक आहेत: दूध, अंडी, मासे, कवचधारी प्राणी, सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळ. मोहरी तिथे नाही. लेबलवर नुसते ‘मसाले’ असे लिहिण्याची मुभा असल्याने मोहरी त्या एका शब्दाआड राहू शकते. शेजारच्या कॅनडात मात्र मोहरी यादीत आहे. म्हणजे मुलाकडे न्यू जर्सीला उतरलेले आईवडील नायगरा पाहायला पुलापलीकडे गेले, तरी लेबलचा अर्थ बदलतो.

कोकणातल्या कुटुंबांसाठी आणखी एक बारकावा. अमेरिकेच्या आणि भारताच्या यादीत कोळंबी, खेकडे, शेवंड येतात, पण तिसऱ्या, कालवे, शिंपल्या आणि माकूल येत नाहीत. युरोपच्या यादीत हे मृदुकाय प्राणी स्वतंत्रपणे दिलेले आहेत. तुम्हाला तिसऱ्यांची ॲलर्जी असेल, तर अमेरिकेत ऑयस्टर सॉस घातलेल्या पदार्थाबद्दल तुम्हालाच विचारावे लागेल.

जपानची यादी त्यांच्या जेवणाला धरून आहे. तिथे अंडे, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, शेंगदाणे, सोबा नूडल्समधले बकव्हीट म्हणजे कुट्टू, आणि 2023 मध्ये वाढवलेले अक्रोड यांची नोंद सक्तीची आहे. तीळ, सोयाबीन यांसारख्या अनेक पदार्थांची नोंद करण्याची केवळ शिफारस आहे. ही सक्ती वेष्टनबंद मालापुरती आहे, उपाहारगृहांवर नाही. कुट्टूची ॲलर्जी असणाऱ्यांनी पारंपरिक जपानी निवासात उशीबद्दलही विचारावे, कारण काही उशा बकव्हीटच्या टरफलांनी भरलेल्या असतात.

हरभरा, मसूर, तूर यांसारखी कडधान्ये यांपैकी कोणत्याही यादीत नाहीत. बेसनाची किंवा डाळींची ॲलर्जी असलेल्या भारतीय मुलाला परदेशात कोणतेच लेबल आपणहून सावध करणार नाही. हमस, फलाफल, प्रथिने वाढवलेला पास्ता, ग्लुटेनमुक्त ब्रेड यांत हरभऱ्याचे पीठ सर्रास असते. अशा वेळी ठळक शब्दांवर न थांबता घटकांची पूर्ण ओळ वाचावी लागते.

यादी लांबली की धोका कमी होतोच, असेही नाही. अमेरिकेत तिळाची नोंद सक्तीची झाल्यावर काही बेकऱ्यांनी वेगळीच वाट काढली. तिळाचा कणही मिसळणार नाही अशी स्वच्छता राखण्याऐवजी त्यांनी पावात थोडे तिळाचे पीठ मुद्दाम घातले आणि लेबलवर ‘तीळ’ लिहून टाकले. कायद्याचे पालन झाले, पण पूर्वी चालणारा पाव तिळाच्या ॲलर्जीवाल्यांसाठी बाद झाला. म्हणून मागच्या भेटीत चाललेला पदार्थ या खेपेला चालेलच, असे धरू नका. प्रत्येक पाकीट नव्याने वाचा.

‘यात अमुक असू शकते’ ही सूचना अनेक देशांत ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ निघत नाही. जपानमध्ये तर असे मोघम वाक्य लिहायलाच मनाई आहे. तिथे उत्पादक ‘याच कारखान्यात अमुक वापरले जाते’ असे लिहू शकतो.

‘आपले जेवण’ आणि ‘व्हेज’ या शब्दांवर विसंबू नका

परदेशात भारतीय उपाहारगृह दिसले की जीव भांड्यात पडतो. ॲलर्जी असेल, तर तिथेही तेवढीच चौकशी करा. उत्तर इंग्लंडमध्ये 2014 मध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या एका ग्राहकाने भारतीय उपाहारगृहातून ‘नट्स नकोत’ असे सांगून जेवण घेतले आणि ते खाल्ल्यावर त्याचा मृत्यू झाला. मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेली स्वस्त पूड वापरायला सुरुवात केली होती. 2016 मध्ये न्यायालयाने त्याला सहा वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्या भाज्यांत दाण्याचे कूट, ग्रेव्हीत काजू, मिठाईत पिस्ता म्हणून रंगवलेले शेंगदाणे असू शकतात, हे आपल्याला घरीच माहीत असते. परदेशातल्या भारतीय स्वयंपाकघरात नेमके हेच प्रश्न विचारा.

शाकाहारी कुटुंबांची आणखी एक समजूत असते की ‘व्हेज’ किंवा ‘व्हेगन’ म्हटले की निश्चिंती. हिरवा ठिपका मांस, मासे, अंडी नसल्याचे सांगतो, दूध किंवा शेंगदाण्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘व्हेगन’ हे जीवनशैलीचे लेबल आहे, ॲलर्जीच्या सुरक्षिततेची हमी नाही. ब्रिटनमध्ये 2017 मध्ये दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या एका महिलेचा ‘दुग्धजन्य घटक नाहीत’ अशा समजुतीने घेतलेल्या तयार पदार्थानंतर मृत्यू झाला, कारण त्यातल्या एका घटकात दुधाचे प्रथिन मिसळलेले निघाले. विमानातले ‘हिंदू शाकाहारी’ किंवा ‘जैन’ जेवणही ॲलर्जीसाठी बनवलेले नसते.

‘नट्स’ हा शब्दही फसवा आहे. आपण त्यात काजू-बदाम धरतो, वेटर कदाचित शेंगदाणेही धरत असेल किंवा नसेलही. त्यामुळे पदार्थाचे नेमके नाव घ्या आणि स्थानिक भाषेत लिहून न्या. शेंगदाण्यासाठी फ्रेंचमध्ये ‘आराशिद’ आणि ‘काकाउएत’ असे दोन शब्द चालतात, जर्मनमध्ये ‘एर्डनुस’ म्हणतात. दोन्ही शब्द माहीत नसतील, तर अर्धीच लेबले कळतील.

थायलंड, व्हिएतनामच्या बाजूला मासळी सॉस, कोळंबीची पेस्ट आणि शेंगदाण्याची भरड जेवणाच्या पायातच असते, शिवाय एकाच कढईत एकामागून एक पदार्थ परतले जातात. तीव्र ॲलर्जी असेल तर रस्त्यावरच्या गाड्यांवर खाणे टाळलेले बरे. बुफेतही एकाच पळीने अनेक पदार्थ वाढले जातात, हे ध्यानात असू द्या.

विमानात: हवेपेक्षा ट्रे पुसण्याकडे लक्ष द्या

‘शेजारच्याने शेंगदाण्याचे पाकीट फोडले तर?’ ही भीती पालकांना सर्वाधिक छळते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने या प्रश्नावर उपलब्ध पुराव्यांचा आढावा करून घेतला आणि त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. शेंगदाण्याचे किंवा सुक्यामेव्याचे कण विमानाच्या वायुवीजनातून पसरतात, याला आधार मिळाला नाही. केबिनमधली हवा दर तीन-चार मिनिटांनी बदलते आणि आधुनिक विमानांत ती बारीक कण अडवणाऱ्या गाळण्यांतून जाते.

खरा धोका हातातून तोंडात जाण्याचा आहे. आधीच्या प्रवाशाच्या बोटांचे कूट किंवा चॉकलेट ट्रेवर, हाताच्या दांडीवर, पट्ट्याच्या बकलवर, समोरच्या पडद्यावर चिकटलेले असते. लहान मूल तिथे हात लावते आणि बोटे चोखते. म्हणून बसल्याबरोबर ओल्या वाइप्सने या चारही जागा पुसा. हात साबणाने किंवा वाइप्सने धुऊन-पुसून घ्या. नुसत्या सॅनिटायझरने प्रथिन निघत नाही. साफसफाईसाठी आधी चढू द्यावे, अशी विनंती विमान कंपनीकडे आगाऊ करून ठेवा.

मासे आणि कोळंबी यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती तळताना, वाफवताना निघणाऱ्या वाफेने संवेदनशील व्यक्तीला दम लागू शकतो. समोरच शिजवून देणाऱ्या काउंटरपासून ते दूर बसावे.

जेवण घरूनच नेणे सर्वांत सुरक्षित. दशम्या, खाकरे, पोळीचा लाडू असे न सांडणारे, कोरडे पदार्थ सुरक्षा तपासणीत सहसा अडत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र उरलेले अन्न उतरताना फॉर्ममध्ये जाहीर करावे लागते, लपवल्यास जबर दंड होतो.

सुगंध: युरोपचा नियम काय देतो, काय देत नाही

युरोपमध्ये आतापर्यंत प्रसाधनांवर दोन डझन सुगंधी घटकांची नावे स्वतंत्रपणे छापावी लागत होती. नव्या नियमाने ही संख्या 80 हून अधिक झाली आहे. आधीपासून बाजारात असलेल्या उत्पादनांना 31 जुलै 2028 पर्यंत मुदत आहे, म्हणून दोन वर्षे दुकानात जुनी आणि नवी लेबले शेजारी शेजारी दिसतील. नव्या यादीतली नावे आपल्या ओळखीची आहेत: चंदनाचे तेल, लवंगेचे तेल, चमेली, गुलाब, निलगिरी, कापूर, मेन्थॉल, व्हॅनिलिन. ‘नैसर्गिक आहे, त्रास होणार नाही’ हा समज किती चुकीचा आहे, हे या यादीवरूनच कळते.

याचा फायदा घ्यायचा तर तुमच्या पॅच टेस्टमध्ये कोणता घटक निघाला, हे तुम्हाला ठाऊक हवे. ते ठाऊक नसेल, तर 80 नावे वाचूनही हाती काही लागणार नाही. त्वचेची ॲलर्जी असलेल्यांनी प्रवासाच्या महिना-दोन महिने आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून ही टेस्ट करून घ्यावी. लेबलवर ‘सुगंधरहित’ आणि ‘वास नसलेले’ यांत फरक आहे, हेही ध्यानात घ्या. दुसऱ्या प्रकारात मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते.

हा नियम प्रसाधनांपुरता आहे. हॉटेलच्या लॉबीत सोडलेला सुगंध, टॅक्सीतला फ्रेशनर, विमानात मिळणारा सुगंधी गरम रुमाल यांवर लेबल नसते. अनेक विमानतळांवर सुरक्षा तपासणीनंतरची वाट अत्तरांच्या दुकानातूनच जाते. आखाती देशांत ऊद आणि बखूर यांचा धूर आतिथ्याचा भाग आहे, मॉलपासून पाहुण्याच्या घरापर्यंत तो भेटतो. काही देशांकडे जाणाऱ्या विमानांत कीटकनाशक फवारले जाते. दमा असेल तर तुमच्या मार्गावर प्रवासी आत असताना फवारणी होते का, हे तिकीट काढतानाच विचारा.

काही ठिकाणी वारे उलट्या दिशेने वाहत आहेत. कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात 1990 च्या दशकापासून रुग्णालये आणि कार्यालये सुगंधमुक्त ठेवण्याची चळवळ रुजली. जपानमध्ये सुगंधाच्या त्रासाला ‘कोगाई’ म्हणतात, ‘प्रदूषण’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच आहे. 2021 मध्ये तिथल्या सरकारी खात्यांनी ‘या सुगंधाने त्रास होणारेही लोक आहेत’ अशा आशयाचे भित्तिपत्रक काढले. अशा ठिकाणी तुमची विनंती लोकांना चमत्कारिक वाटणार नाही. इतरत्र मात्र ती आधी, लेखी आणि नेमकी करावी लागते: खोलीत फ्रेशनर फवारू नका, चादरी-टॉवेल सुगंधी सॉफ्टनरविना धुतलेले द्या, खिडकी उघडणारी खोली द्या. शक्य असेल तर स्वतःचा अभ्रा, साबण आणि पातळ चादर न्या.

दमेकऱ्यांनी प्रवासाच्या काळात रोजचा प्रतिबंधक पंप एकही दिवस चुकवू नये. दमा आटोक्यात असेल, तर वासाचा त्रास कमी होतो. शिवाय दमा अनियंत्रित असलेल्या माणसाला अन्नाच्या ॲलर्जीचा झटकाही अधिक जीवघेणा ठरू शकतो. दोन्ही त्रास असतील, तर ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

ॲड्रेनलिन: हाताशी हवे, सामानात नको

ॲनाफिलॅक्सिसमध्ये जीव वाचवणारे पहिले औषध ॲड्रेनलिन आहे. ॲलर्जीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, गरज पडल्यास कपड्यांवरूनही, पेनसारख्या ऑटोइंजेक्टरने ते देता येते. परदेशात असे पेन रूढ आहे, भारतात ते सहज मिळत नाही. आपल्याकडे ॲड्रेनलिनची काचेची कुपी स्वस्त असते आणि सर्वत्र मिळते, पण घाबरलेल्या हातांनी कुपी फोडून अचूक मात्रा भरणे अवघड असते. म्हणून निघण्यापूर्वी किमान सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून पेन मागवता येईल का ते पाहा. ते शक्य नसल्यास कुपी आणि सिरिंज वापरण्याचा सराव करा. तुमच्या वजनानुसार मात्रा लिहून घ्या आणि सोबत जाणाऱ्या व्यक्तीलाही शिकवा.

नवी गोष्ट अशी की, नाकात फवारायचे ॲड्रेनलिन आले आहे. अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट 2024 मध्ये 30 किलोहून अधिक वजनाच्या रुग्णांसाठी आणि मार्च 2025 मध्ये 15 ते 30 किलो वजनाच्या, चार वर्षांवरील मुलांसाठी त्याला मान्यता दिली. युरोपमध्येही त्याला परवानगी मिळाली आहे. मुलांकडे लांब मुक्कामाला जाणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारायला हरकत नाही. ओमॅलिझुमॅब या इंजेक्शनलाही अमेरिकेत फेब्रुवारी 2024 मध्ये अन्न-ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली. ते चुकून थोडेसे खाल्ले गेल्यास झटका सौम्य राहण्याची शक्यता वाढवते. मात्र त्याचा परिणाम यायला महिने लागतात, ते घेत असतानाही तो पदार्थ वर्ज्यच राहतो आणि झटका आल्यावर त्याचा उपयोग नाही. सहलीच्या तोंडावर सुरू करण्याचे हे औषध नव्हे.

ॲड्रेनलिनचे दोन डोस बाळगा, कारण पहिल्याने पाच ते पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास दुसरा द्यावा लागतो. ते केबिनमधल्या पिशवीत, आसनाखाली ठेवा, सामानाच्या पोटात किंवा वरच्या कप्प्यात नको. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका आणि फ्रीजमध्येही नको. विमानाच्या वैद्यकीय पेटीत ॲड्रेनलिन असले, तरी ते बहुधा कुपीत असते, त्यावर विसंबू नका.

झटका आला, तर क्रम असा: ॲड्रेनलिन द्या, रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा, श्वास घेणे कठीण जात असेल तर बसते ठेवा, पण उभे करू नका, चालवू नका. मग रुग्णवाहिका बोलवा. युरोपात 112, ब्रिटनमध्ये 999, अमेरिका-कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000, जपानमध्ये 119, सिंगापूरमध्ये 995, संयुक्त अरब अमिरातीत 998. बरे वाटले तरी रुग्णालयात जा, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

निघण्यापूर्वीची तयारी

डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र घ्या. त्यात निदान, औषधांची मूळ नावे, सुई-सिरिंज जवळ ठेवण्याची गरज आणि झटक्यात काय करायचे, हे एका पानावर असावे. औषधे मूळ वेष्टनात ठेवा.

ज्या देशात जाणार, तिथल्या दूतावासाच्या संकेतस्थळावर औषधांचे नियम पाहा. उदाहरणार्थ, सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याचे प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असलेली औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत.

प्रवासविमा घेताना ॲलर्जी आणि दमा लपवू नका. आधीच्या आजारावरचे उपचार विम्यात येतात का, हे लेखी घ्या.

उपाहारगृहासाठी स्थानिक भाषेतले कार्ड बनवा आणि ती भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. मजकूर एवढाच असावा: ‘मला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. शेंगदाणे, त्यांची पूड, सॉस, तेल किंवा शेंगदाणे परतलेल्या भांड्यात शिजवलेला पदार्थ माझ्या जिवावर बेतू शकतो. कृपया हे कार्ड आचाऱ्यांना दाखवा. खात्री नसेल तर नाही म्हणा, मला राग येणार नाही.’ शेवटचे वाक्य गाळू नका. यजमान किंवा वेटर संकोचाने ‘हो’ म्हणतो, तेव्हाच घोटाळा होतो. हेच नातेवाइकांच्या घरीही लागू आहे. वहिनींनी प्रेमाने केलेल्या भाजीत दाण्याचे कूट आहे का, हे पानावर बसण्याआधी विचारा.

शेवटी, तुमच्या ॲलर्जीचा पदार्थ त्या देशाच्या यादीत आहे का, हे एका कागदावर लिहून पाहा. असेल, तर ठळक अक्षरे तुम्हाला मदत करतील. नसेल, तर तिथे प्रत्येक घासाची चौकशी तुम्हालाच करावी लागेल, हे गृहीत धरून मुक्कामाला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि पहिल्या दोन दिवसांची शिदोरी घरूनच न्या. या कागदाची एक प्रत सोबत जाणाऱ्याच्या फोनमध्ये असू द्या. झटका आल्यावर बोलणे तुम्हाला जमेलच असे नाही, ते त्यांनाच करावे लागेल.